वरून कीर्तन, आतून तमाशा: जुना हॉट टब पहिल्यांदा वापरण्याआधी

टब घरी येऊन जागेवर बसला, तेव्हा भाचा हात झटकत म्हणाला, "मावशी, धुतलेलाच दिसतोय की. पाणी भरू आणि बसू."

देणाऱ्याने खरंच मन लावून धुतला होता. पांढरं अ‍ॅक्रिलिक चमकत होतं, पाण्याच्या जोरदार धारा सोडणारी तोंडं म्हणजे जेट, त्यांच्या कडा पुसलेल्या होत्या, बटणांच्या पट्टीवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. वर त्याने अभिमानाने सांगितलं होतं, "दोन वर्षं कोणी हातसुद्धा लावलेला नाही याला." त्याला ती जमेची बाजू वाटत होती. माझ्या अंगावर काटा आला.

मी तेहतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. सुडोमोनास एरुजिनोसा नावाचा एक जिवाणू आहे. तो बशीत वाढला की खालचं माध्यम हिरवट-निळं होतं आणि द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. बशी हुंगायची नसते, हे आम्ही नवीन मुलांना रोज बजावायचो आणि स्वतः मात्र दार उघडताच वासावरून ओळखायचो. हा जिवाणू कोमट, ओलसर, विसरलेल्या जागी आनंदाने राहतो. नीट न राखलेल्या टबात बसून आलेल्या माणसाच्या अंगावर, विशेषतः पोहण्याच्या कपड्यांखाली, एक-दोन दिवसांत लाल खाजऱ्या पुळ्या उठतात, त्यामागे बहुतेक वेळा हाच असतो. आणि हा त्यातल्या त्यात सभ्य पाहुणा.

आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात म्हणून टब घ्यायचं ठरलं होतं. त्यामुळे घरात घाई होती. मी सांगितलं, पाच दिवस कोणी आत पाय ठेवायचा नाही. प्रत्यक्षात नऊ लागले. ते का लागले आणि त्या नऊ दिवसांत काय केलं, ते सांगते.

घाण कुठे असते

आपल्याला दिसतो तो हौद. खरा टब त्याच्या पोटाखाली असतो: पंप, हीटरची नळी आणि प्रत्येक जेटला पाणी व हवा पोचवणारे कित्येक मीटर पाइप. तळाचं बूच काढून टब रिकामा केला तरी पाइपांच्या खोलगट वळणांत, पंपाच्या पोटात, हीटरमध्ये काही लिटर पाणी उरतंच. त्या पाण्यात आधीच्या लोकांचं तेल, घाम, साबण, त्वचेचा कोंडा असतो. त्यावर जिवाणू पोसले जातात, पाइपाला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत लुकण स्रवतात. ह्या थराला बायोफिल्म म्हणतात. चार दिवस न घासलेल्या बादलीच्या आतून बोट फिरवलं की जे लागतं, तेच हे.

क्लोरीन हा थर वरवर जाळतो, आतपर्यंत पोचत नाही. पोचण्याआधीच खर्ची पडतो. म्हणून "भरपूर क्लोरीन ओतला की झालं" हा सल्ला अर्धवट आहे. आधी थर पाइपावरून सोडवायचा, बाहेर काढायचा आणि मग क्लोरीन. सगळी मेहनत ह्या क्रमासाठी आहे.

एवढं कशाला, असं भाच्याने विचारलं, तेव्हा त्याला १९९९ सालची बोवेनकार्स्पेलची गोष्ट सांगितली. नेदरलँड्समधल्या ह्या गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेला टब बुडबुडे काढत चालू ठेवला होता. आत कोणी बसत नव्हतं, लोक नुसते शेजारून जात होते. टबाच्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू होता. बुडबुडा फुटला की बारीक तुषार हवेत उडतात, ते श्वासातून फुप्फुसात गेले. शेकडो लोक आजारी पडले, तीसहून अधिक दगावले. लेजिओनेलाला साधारण २० ते ४५ अंश सेल्सियसचं पाणी मानवतं, आणि आपण टब ठेवतो ३७ ते ४० वर. म्हणजे त्याच्यासाठी पाट मांडून ठेवल्यासारखंच.

भाच्याने त्यानंतर मास्क आणून दिला. न सांगता.

पाणी सोडण्याआधी

मेन स्विच बंद. बटण बंद करणं वेगळं, मेन बंद करणं वेगळं. मी स्विचवर चिकटपट्टी लावून "हात लावू नये" असं लिहून ठेवलं, कारण घरात हौशी माणसं असतात.

मग बाजूचं लाकडी पॅनेल स्क्रू काढून उघडा. हे बहुतेक लोक करतच नाहीत. आमच्या टबाच्या पोटात उंदराचं घरटं निघालं. उबेसाठी लावलेला फोम कुरतडून त्याची गादी केली होती, शेजारी लेंड्या आणि एका वायरचं आवरण खाल्लेलं. असं काही दिसलं तर कोरडं झाडू नका, त्याची धूळ श्वासात जाते. हातमोजे आणि मास्क घाला, पाणी मिसळलेल्या ब्लीचने घरटं भिजवा, थोडा वेळ थांबा आणि ओल्या फडक्याने उचलून पिशवीत बांधून टाका. वायरचं काम मात्र स्वतः करायचं नाही. आम्ही इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने वायर बदलली, अर्थिंग तपासलं आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी चालतो का ते पाहिलं. त्यावरचं चाचणीचं बटण दाबल्यावर वीज गेलीच पाहिजे. नाही गेली तर टब विसरा, आधी आरसीसीबी बदला.

पाणी आत ओढून घेणारी तळाची जाळी बघा. तडा, तुटलेला दात, सैल स्क्रू, काहीही असलं तर नवी बसवल्याशिवाय पंप चालू करू नका. अमेरिकेत २००२ मध्ये एक सात वर्षांची मुलगी हॉट टबाच्या अशाच जाळीच्या ओढीत अडकली आणि बुडाली. २००७ मध्ये तिथे तिच्या नावाने कायदा झाला. घरात लहान मुलं असोत वा नसोत, ही जाळी तपासायला दोन मिनिटं लागतात.

जागेचा विचारही आताच करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आमच्या टबात अकराशे लिटर मावतात, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन अकराशे किलो, शिवाय माणसं. जमीन सपाट आणि भक्कम हवी. गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर ठेवायचा असेल तर स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय भरू नका.

अकराशे लिटर हा आकडा कसा काढला, तेही सांगते, कारण पुढे औषधाचं सगळं माप त्यावरच आहे. वीस लिटरची बादली नळीने भरायला आम्हाला १०० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १२ लिटर. टब भरायला ९२ मिनिटं लागली. बारा गुणिले ब्याण्णव, अकराशे चार. टबावरच्या पत्र्यावर छापलेला आकडा मिळाला तर उत्तम, आमचा पुसला गेला होता.

पहिलं पाणी: पाइप सोडवणं

इथे लोक चूक करतात ती अशी, की आधी टबाचं अंग घासायला घेतात. ते म्हणजे फरशी पुसून झाल्यावर छताची जळमटं काढणं. पाइपातली घाण बाहेर येऊन टबाच्याच अंगाला लागणार असते. तेव्हा घासायचं शेवटी, पाइप आधी.

जुना फिल्टर काढून बाजूला ठेवा. नळी टबात सोडण्याऐवजी फिल्टर असतो त्या खोबणीत सोडा. पाणी तिथून खालच्या पाइपात शिरतं आणि हवा वर ढकलली जाते. नुसतं टबात भरलं तर पंपात हवा अडकते. पंप घुं-घुं करतो, जेटमधून पाणी येत नाही, आणि मालकाला वाटतं पंप जळाला. तसं झालंच तर मेन बंद करून पंपाच्या पाइपावरचं जोडाचं मोठं नट अगदी किंचित सैल करा. फुस्स करून हवा जाईल आणि पाणी ठिबकू लागेल. लगेच घट्ट करा. पाणी सगळ्यात वरच्या जेटच्या वर आल्याशिवाय काहीही चालू करायचं नाही. कोरडा हीटर काही क्षणांत जळतो, कोरडा पंपही फार टिकत नाही.

भरताना पॅनेल उघडंच ठेवा आणि टॉर्च घेऊन खाली बघत राहा. दोन वर्षं वाळलेल्या रबरी रिंगा पहिले काही तास ठिबकतात. काही पाणी पिऊन फुगतात आणि गळती थांबते, काही बदलाव्याच लागतात. नव्या रिंगेला सिलिकॉनचं ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली लावू नका, त्याने ह्या कामाचं रबर फुगून मऊ पडतं.

आता पाइप साफ करणारं द्रव. हॉट टबाच्या पाइपांसाठी म्हणून मिळतं ते आणा आणि बाटलीवरच्या मापानेच टाका. भांड्यांची पावडर, डिशवॉशरच्या गोळ्या वगैरे सुचवणारे खूप भेटतील. त्यांचा फेस पाइपातून महिना-महिना निघत राहतो.

पाणी कोमट, पस्तीस अंशांच्या आसपास, असेल तर थर लवकर सुटतो. सगळे जेट पूर्ण उघडे, हवेच्या चकत्या उघड्या, पाण्यात हवा फुंकणारा ब्लोअर असेल तर तोही चालू. पाणी एका बाजूच्या जेटकडून दुसऱ्या बाजूकडे वळवणारी मोठी मूठ असते, ती दर दहा मिनिटांनी फिरवा. बऱ्याच टबांचे पंप पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद पडतात. बिघाड नाही तो, बटण पुन्हा दाबायचं. असं तासभर चालवा. आणि ह्या वेळी तोंडावर मास्क घालून लांब उभे राहा, वर वाकून बघत बसू नका. आत काय आहे ते अजून माहीत नाही आणि तुषार तर उडतच असतात. टब बंद खोलीत असेल तर खिडक्या सताड उघड्या ठेवा.

पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. आमचे हे म्हणाले, "बघ, स्वच्छच होता. उगाच शंका." मग फेस यायला लागला. पांढरा. मग पिवळट. मग त्यात ओल्या कागदाच्या कपट्यांसारखे तपकिरी-काळे तुकडे तरंगायला लागले आणि पाण्याच्या काठाला मेणचट वळं धरलं. वास सांगत नाही. भाचा घरात जाऊन बसला, आणि त्यानंतर "भरू आणि बसू" हे शब्द घरात कोणी उच्चारले नाहीत.

काठाचं वळं जुन्या टॉवेलने लगेच पुसून घ्या, वाळलं की निघता निघत नाही. मग पंप बंद करून द्रव रात्रभर पाइपात राहू द्या, सकाळी पुन्हा अर्धा तास चालवा आणि पाणी काढा. तळाच्या बुचातून टब रिकामा व्हायला अर्धा दिवस जातो, बुडवून चालवायचा छोटा पंप हे काम पंधरा-वीस मिनिटांत करतो. पाणी झाडांना घालू नका, सांडपाण्याच्या गटारात सोडा. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यात नको, ते पुढे थेट ओढ्या-नदीत जातं. रिकामा झाल्यावर ओलं ओढणारा व्हॅक्युम घेऊन एकेका जेटच्या तोंडाला लावा, शेजारची तोंडं तळहाताने झाका आणि पाइपात उरलेलं पाणी ओढून काढा. आम्हाला ह्या उरलेल्या पाण्याची अर्धी बादली मिळाली, आणि टबातलं सगळ्यात काळं पाणी तेच होतं.

मग पुन्हा भरायचं, पुन्हा द्रव. दुसऱ्या वेळी तुकडे कमी आले, तिसऱ्या वेळी नुसता पांढरा फेस. तेव्हा मी थांबले. थोडं लवकर थांबले, हे पुढे कळलं.

रिकाम्या टबात

आता घासा. आत उतरायचं ते अनवाणी, चपलेखालचा एक खडा अ‍ॅक्रिलिकवर कायमचा ओरखडा उठवतो. निम्मं पाणी निम्मं पांढरं व्हिनेगर, मऊ स्पंज, एवढ्यात क्षारांचे पांढरे डाग निघतात. हट्टी डागावर खाण्याच्या सोड्याची लापशी हलक्या हाताने चोळा. तारेचा काथ्या, भांडी घासायची भुकटी, थिनर, नेलपॉलिश काढायचं असिटोन, ह्यांपैकी काहीही नको. असिटोनने अ‍ॅक्रिलिक चक्क विरघळतं.

मी दुपारी डोळा लावला तेवढ्यात आमच्या ह्यांनी मदत म्हणून अर्धा टब भांड्यांच्या लिक्विड साबणाने धुतला. हेतू चांगला होता. पुढच्या भरणीला जेट सुरू करताच फेस काठ ओलांडून अंगणात उतरला आणि पाण्याची एक आख्खी भरणी वाया गेली. नऊ दिवसांतला एक दिवस तो.

जेटची तोंडं डावीकडे फिरवून ओढली की बहुतेक निघतात. काढण्याआधी फोटो काढा. आमच्याकडे चोवीस जेट आहेत आणि त्यांत चार आकार आहेत, हे सगळे काढून झाल्यावर लक्षात आलं. शेवटी जुन्या चादरीवर टबाचं चित्र काढून प्रत्येक जेट त्याच्या जागी मांडला. रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. तीन जेट निघाले नाहीत. मी जोर केला नाही, तुटलेला जेट अडकलेल्यापेक्षा वाईट. त्यांच्यात बाटलीने व्हिनेगर सोडून ब्रश घातला.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: सगळं साध्या पाण्याने दोनदा खळखळून धुवा. पुढची पायरी क्लोरीनची आहे. व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल क्लोरीनला भेटलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेले क्लीनरही तितकेच वाईट.

फिल्टर? नवा घ्या. जुन्या फिल्टरच्या चुण्यांत आधीच्या मालकाचा सगळा इतिहास साठलेला असतो. मापाचा फिल्टर मिळेपर्यंत जुनाच वापरणं भाग असेल तर आधी तेल काढणाऱ्या द्रवात रात्रभर भिजवा, धुवा, आणि क्षार असतील तर त्यानंतर आम्लात. उलट क्रमाने केलं तर तेलकट मळ चुण्यांतच पक्का बसतो.

टबाच्या वरचं झाकण आम्ही फेकलं. दोघांना उचलेना. आतल्या फोमने पाणी पिऊन घेतलं होतं आणि शिवण उसवल्यावर काळी बुरशी निघाली. झाकण हलकं असेल, वास नसेल, तर सौम्य साबणाने दोन्ही बाजूंनी पुसून उन्हात वाळवा, बास. डोक्याखालच्या उशा काढून मागची बाजू बघा. समोरून नव्या दिसतात.

दुसरं पाणी: क्लोरीनचा मारा

पुन्हा भरा. फिल्टर अजून बाहेरच. आधी पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, बघा आणि ७.२ च्या आसपास आणा. हे वगळू नका. पाण्यातल्या क्लोरीनचं खरं मारक रूप हायपोक्लोरस आम्ल. पीएच ७.५ ला साधारण निम्मा क्लोरीन त्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे पीएच चढलेला असेल तर तुम्ही ओतलेल्यातलं तीन चतुर्थांश नुसतं बसून राहतं.

मला ५० पीपीएम हवे होते, तासभर. पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, हिशोब शाळेतला आहे. अकराशे लिटर गुणिले ५० मिलिग्रॅम, झाले ५५ ग्रॅम क्लोरीन. द्रवरूप क्लोरीन १० टक्क्यांचा असेल तर ५५० मिलिलिटर, घरगुती ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर १.१ लिटर, आणि ५६ टक्क्यांची डायक्लोर भुकटी असेल तर सुमारे ९८ ग्रॅम. ब्लीच घ्यायचं तर बिनवासाचं, साधं. सुगंधी, दाटसर, फेसाळ नको. स्विमिंग पूलच्या ट्रायक्लोरच्या गोळ्या टबात टाकू नका, त्या फार आम्लधर्मी असतात आणि जिथे पडून राहतात तिथलं अ‍ॅक्रिलिक खातात. दोन प्रकारचे कोरडे क्लोरीन एका भांड्यात, एका चमच्यानेसुद्धा, एकत्र आणू नका, पेट घेतात. हातमोजे, चष्मा. पंप चालू ठेवून हळूहळू ओता. झाकण आणि उशा लांब, एवढा क्लोरीन त्यांना खाऊन टाकतो.

पंधरा मिनिटांनी भाच्याने चाचणीची पट्टी बुडवली आणि ओरडला, "मावशी, शून्य दाखवतेय! अजून ओतू?" बाटली त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतली. पट्टी शून्य दाखवत नव्हती, तिचा रंगच क्लोरीनने उडवून लावला होता. साध्या पट्ट्या साधारण १० पीपीएमपर्यंतच वाचतात. जास्त मोजायचं तर टबाचं एक माप पाणी आणि नऊ मापं साधं पाणी एकत्र करून त्यात पट्टी बुडवायची आणि आकडा दहाने गुणायचा. आम्हाला ५ दिसले, म्हणजे ५०. प्रयोगशाळेत ही चूक शिकलेसवरलेले लोक करताना पाहिलंय, त्यामुळे भाच्याला फार बोलले नाही.

तासभर सगळे जेट, सगळ्या मुठी, ब्लोअर चालू. हवेच्या पाइपांतही हे पाणी गेलं पाहिजे. तास झाला की पंप बंद करा. इतक्या क्लोरीनचं पाणी तसंच सोडायचं नाही. एक-दोन दिवस उघडं उन्हात ठेवलं तर क्लोरीन उडतो, घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट टाकून मारता येतो. पट्टी शून्यावर आल्यावर, तीही खरीखुरी शून्य, पाणी काढा. व्हॅक्युम पुन्हा.

तिसरं पाणी आणि रात्रीची परीक्षा

नवा फिल्टर बसवून शेवटची भरणी. क्रम असा: आधी अल्कलिनिटी, म्हणजे पीएच डळमळू न देणारा पाण्याचा गुण, ८० ते १२० पीपीएम, ती स्थिरावली की पीएच ७.२ ते ७.८ मध्ये, कॅल्शियमचा कठीणपणा १५० ते २५०, सगळ्यात शेवटी क्लोरीन. वापरात असताना क्लोरीन किमान ३ पीपीएम राहायला हवा. ब्रोमीन वापरणार असाल तर ४ ते ८. एक लक्षात ठेवा, डायक्लोर भुकटीबरोबर पाण्यात सायन्युरिक आम्लही जमत जातं आणि ते क्लोरीनला मंद करतं. एकदा माऱ्यासाठी वापरली तर ते पाणी आपण फेकतोच, रोजच्यासाठी मी साधा द्रव क्लोरीन ठेवला.

आता परीक्षा. संध्याकाळी क्लोरीन ५ पीपीएमला आणा, ओझोन यंत्र असेल तर बंद करा कारण ते स्वतःच क्लोरीन खातं, टब झाका आणि कोणी आत न जाता सकाळी मोजा. गरम पाण्यात थोडा कमी होणारच. पाचाचे चार-साडेतीन झाले तर ठीक. आमचा उरला अर्धा पीपीएम.

कोणी बसलं नाही, पान पडलं नाही, मग साडेचार पीपीएम कोणी खाल्ला? पाइपात अजून कोणीतरी जेवत होतं. मी सकाळभर टबाभोवती फिरले. मग मागच्या कडेला एक पट्टीसारखी फट दिसली, तिच्याशेजारी छोटी मूठ. फिरवली तर धबधबा सुरू झाला. शोभेचा, निळ्या दिव्याचा धबधबा, जो देणाऱ्यानेही कधी लावला नसावा. तीन वेळा पाइप धुताना, क्लोरीनच्या माऱ्यात, तो पाइप बंदच होता. पहिला घोट बाहेर आला तो करडा.

म्हणजे पुन्हा श्रीगणेशा: द्रव, रात्रभर, रिकामा, क्लोरीन, रिकामा, भरणी. तुमच्या टबावर जेवढ्या मुठी, बटणं, चकत्या आहेत त्या सुरुवातीलाच मोजा आणि कागदावर लिहा. प्रत्येक फेरीला प्रत्येकीसमोर खूण करा. मी हे प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं केलं आणि स्वतःच्या अंगणात विसरले.

दुसऱ्या परीक्षेत पाचाचे चार झाले. नाक पाण्याजवळ नेलं, काही वास नाही. डोळे चुरचुरवणारा, "स्विमिंग पूलसारखा" वास म्हणजे भरपूर क्लोरीन असा समज आहे, तो उलटा आहे. घाम-लघवीतल्या नायट्रोजनशी भांडून दमलेल्या क्लोरीनचा तो वास, स्वच्छ पाण्याला जवळजवळ नसतो.

नवव्या दिवशी संध्याकाळी आमच्या ह्यांना आंघोळ करून यायला लावलं, अंगावर तेल-क्रीम काही नको म्हणून. पाणी ३८ अंश ठेवलं होतं. ४० च्या वर कधीच नाही, आणि हृदयविकार असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांनाही आत न्यायचं नाही. हे काठाला धरून उतरले, धबधब्याखाली खांदे दिले आणि डोळे मिटले.

"पंधरा मिनिटं," मी घड्याळ दाखवलं.

"नऊ दिवसांची पंधरा मिनिटं?"

पंधरा मिनिटांनी बाहेर काढलं. ते टॉवेल शोधायला गेले, मी पट्टी बुडवली. चाराचे अडीच. एका माणसाचे, आंघोळ केलेल्या. क्लोरीनची बाटली उघडून दोन झाकणं ओतली, जेट दहा मिनिटं फिरवले आणि वर झाकण टाकलं.